काल चालणारा कोड आज का अडतो: राखीव शब्दांचा तिढा सोडवताना

चवथीचे दिवस, रात्रीचे साडेदहा. आमच्या वाड्यावरच्या मंडळाची घुमट (मातीचं चर्मवाद्य) आरती स्पर्धा संपली होती. परीक्षकांचे कागद आले, गुण भरून झाले, आणि निकालाचं पान उघडेना. पडद्यावर एरर १०६४: तुमच्या एसक्यूएलच्या (डेटाबेसशी बोलायच्या भाषेच्या) वाक्यरचनेत चूक आहे, तुमच्या आवृत्तीचं मॅन्युअल पाहा. पान मी स्वतः लिहिलेलं. चार वर्षं त्याच पानावर निकाल लागत होता आणि कोडमध्ये एक अक्षरही बदललेलं नव्हतं.

गुण भरणारा मुलगा शेजारी उभा राहून पुन्हा पुन्हा सांगत होता, "सर, काल चलतालें!" आणि ते खरंच होतं. बदललं होतं ते कोडच्या खालचं. होस्टिंगवाल्यांनी त्याच दिवशी पहाटे सर्व्हरवरचा डेटाबेस, मायएसक्यूएल, ५.७ वरून ८.० वर नेला होता. माझ्या टेबलाचं नाव 'ग्रुप्स' आणि पथकाचा क्रमांक ठेवायचा कॉलम 'रँक'. ५.७ मध्ये ही दोन्ही नावं कुणीही वापरावीत अशी होती, ८.० मध्ये ती राखीव झाली, म्हणजे भाषेने ती स्वतःच्या कामासाठी ठेवून घेतली. पथकं बाहेर निकालाची वाट पाहत होती, आणि मी पाऊण तास गुणांच्या बेरजेत चूक शोधत बसलो होतो.

त्यानंतर हीच अडचण वेगवेगळ्या रूपांत माझ्यापुढे येत राहिली. फोंड्यातल्या मुलांच्या वर्गात, एका शाळेच्या हजेरीपटात, एका मित्राच्या बसच्या वेळापत्रकात. म्हणून ती नीट लिहून ठेवतो आहे. पुढे सगळे कीवर्ड, म्हणजे भाषेचे स्वतःचे शब्द, उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत; कोडमध्ये ते अर्थातच रोमन अक्षरांत असतात.

मुळात अडतं कुठे

पणजी-फोंडा खाजगी बसमध्ये कंडक्टरची शिट्टी ऐकली असेल. शिट्टी वाजली की ड्रायव्हर मागे वळून पाहत नाही, कुणी आणि कशासाठी वाजवली हे विचारत नाही. इशारा ओळखतो आणि गाडी थांबवतो किंवा सोडतो. एखाद्या प्रवाशाने सहज म्हणून शिट्टी वाजवली तरी ड्रायव्हरच्या लेखी तो इशाराच. राखीव शब्दाचं असंच आहे. कंपायलर किंवा इंटरप्रिटर (कोड वाचून यंत्राला समजेल असा करणारा प्रोग्राम) तुमची फाइल आधी शब्दाशब्दांत तोडतो. तोडतानाच 'इफ', 'क्लास', 'रिटर्न' यांच्यावर शिक्का बसतो की ही नावं नव्हेत, भाषेची स्वतःची खूण आहे. तुम्हाला तो शब्द शाळेतला वर्ग म्हणून हवा होता की आणखी कशासाठी, हा प्रश्न तिथपर्यंत पोचतच नाही.

म्हणूनच एररचा मजकूर इतका फसवा असतो. 'हा शब्द राखीव आहे, दुसरं नाव घ्या' असं तो क्वचितच सांगतो. पायथॉनमध्ये पासिंगचे गुण ठेवायला 'पास' नावाचं व्हेरिएबल करून त्यात ३५ घालून पाहा. 'इनव्हॅलिड सिंटॅक्स' एवढाच संदेश येतो, आणि खालचं टोपीसारखं चिन्ह 'पास' या शब्दाखाली नसतं, बरोबरच्या चिन्हाखाली असतं. पायथॉनच्या दृष्टीने ते बरोबरच आहे: 'पास' हे एक पूर्ण विधान आहे, त्याच्यापुढे ओळ संपायला हवी होती, तिथे बरोबरचं चिन्ह कुठून आलं? मूल मात्र बिचारं बरोबरच्या चिन्हाकडे बघत बसतं. ते खोडतं, पुन्हा लिहितं, दोन वेळा लिहून पाहतं.

माझा पहिला नियम त्यातूनच आला. एरर ज्या शब्दावर बोट ठेवते तो शब्द आणि त्याच्या लगेच आधीचा शब्द, दोन्ही तपासायचे. मायएसक्यूएलच्या १०६४ मध्येही 'निअर' नंतर जो तुकडा येतो त्याचा पहिला शब्द आणि क्वेरीत त्याच्या आधीचा शब्द, या दोघांपैकी एक बहुतेक वेळा दोषी निघतो.

सी भाषेत तर दोषी ओळ एक आणि ओरडणारी ओळ दुसरी, असंही होतं. फंक्शनच्या आत 'इंट रजिस्टर' लिहून हजेरीपटासाठी व्हेरिएबल केलंत, तर जीसीसी हा सीचा कंपायलर त्या ओळीवर फक्त इशारा देतो, कारण 'रजिस्टर' हा सीचा जुना कीवर्ड आहे आणि ते विधान त्याच्या लेखी निरर्थक असलं तरी ओळखीचं आहे. खरी एरर येते ती पुढे, जिथे तुम्ही त्या नावात किंमत घालता तिथे. इशारे न वाचता थेट एररकडे जायची सवय असेल तर इथे अर्धा तास सहज जातो.

आपली मराठी नावं आणि त्यातले दोन खड्डे

मी मुलांना सांगतो, नाव मराठीत द्या. रोमन लिपीत लिहिलेलं 'किंमत', 'गुण', 'पथक', 'निकाल' हे कुठल्याच प्रचलित भाषेत राखीव नाही, आणि कोड वाचताना डोळ्याला लगेच कळतं की हे आपलं नाव, ते भाषेचं. हा सल्ला मी आजही देतो. पण त्यात दोन शब्द असे आहेत की ते दर वर्षी, न चुकता, कुणाला तरी अडवतात.

पहिला 'चार'. वर्गात सीचा पहिलाच धडा, आणि मुलगी चार पूर्णांकांसाठी एक, दोन, तीन, चार अशी नावं घेते. रोमनमध्ये चौथं नाव लिहिलं की तो नेमका अक्षराचा डेटाटाइप होतो. जीसीसी सांगतो की इथे नाव किंवा कंस अपेक्षित होता. मुलीला वाटतं स्वल्पविराम चुकला, कारण पहिली तीन नावं बिनतक्रार गेलेली असतात.

दुसरा 'वार'. सोमवार-मंगळवारातला. मित्राच्या बस वेळापत्रकाच्या पानावर प्रत्येक फेरीला वार होता, कारण रविवारी गाड्या कमी. सर्व्हरवरचं काम पायथॉनमध्ये, तिथे हे नाव चालतं. ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट, आणि तिथे तेच तीन रोमन अक्षरी नाव व्हेरिएबल जाहीर करायचा कीवर्ड. गंमत अशी की डेटामधून ठिपका देऊन ते नाव वाचलं तर चालत होतं, कारण जावास्क्रिप्टच्या २००९ च्या ईएस५ या आवृत्तीपासून राखीव शब्द ऑब्जेक्टच्या गुणधर्माचं नाव म्हणून चालतात. पण त्याने एका ठिकाणी महिरपी कंसात नावं लिहून थेट व्हेरिएबलं काढून घेतली, आणि तेवढं एकच पान पांढरं झालं. एकाच नावाने तीन ठिकाणी काम केलं आणि चौथ्या ठिकाणी दगा दिला, तर राखीव शब्दाची शंका पहिली घ्यावी.

त्याच वेळापत्रकात आणखी एक होतं: पणजी ते मडगाव, म्हणून कॉलम 'फ्रॉम' आणि 'टू'. एसक्यूएलमध्ये दोन्ही राखीव, पायथॉनमध्ये 'फ्रॉम' राखीव. पायथॉनच्या डिक्शनरीत अवतरणांत 'फ्रॉम' ही किल्ली ठेवली तर हरकत नाही, कारण अवतरणांतला मजकूर म्हणजे नुसती अक्षरं. पण फंक्शनला ते पॅरामीटर म्हणून द्यायला गेलात किंवा क्लासचं फील्ड केलंत की ओळ मोडते. पांडाज या तक्त्यांसाठीच्या पायथॉन लायब्ररीतही तेच. सीएसव्हीच्या शीर्षकात 'क्लास' असेल तर ठिपका देऊन तो कॉलम मागता येत नाही, चौकोनी कंसात अवतरणांत मागावा लागतो. पायथॉनचा नेम्डटपल (नावं दिलेल्या फील्डांची यादी) मात्र स्पष्ट बोलतो: फील्डचं नाव कीवर्ड असू शकत नाही, आणि कुठला शब्द तेही सांगतो. सगळ्यांनी असं सांगितलं असतं तर मला हे लिहावं लागलं नसतं.

काही जण विचारतात, मग नावं थेट देवनागरीत का देऊ नयेत? पायथॉन ३ मध्ये, जावामध्ये, जावास्क्रिप्टमध्ये देता येतात, आणि राखीव शब्दाशी टक्कर कायमची संपते, कारण त्यांचे सगळे कीवर्ड रोमन आहेत. मला ही सोय मनापासून आवडते. पण 'फेऱ्या' असं नाव देऊन पाहा. काही कीबोर्ड त्यातला अर्धा र लिहिताना मध्ये न दिसणारं जोडचिन्ह घालतात. पायथॉन ते नावात स्वीकारत नाही. न दिसणारं अक्षर, यू प्लस २००डी, असा संदेश येतो. पडद्यावर शब्द तर अगदी शुद्ध दिसतो. असं झालं तर तो शब्द पुसून नुक्त्याचा ऱ थेट असलेल्या कीबोर्डवर पुन्हा लिहावा, किंवा 'फेरी_संख्या' करून मोकळं व्हावं.

शंका आली, आता खात्री कशी करायची

सगळ्यात जलद खूण म्हणजे एडिटरमधला रंग. तुम्ही दिलेलं नाव इतर नावांपेक्षा वेगळ्या रंगात दिसलं तर थांबा. पण रंगावर पूर्ण विसंबू नका. एडिटरची यादी तुमच्या सर्व्हरच्या आवृत्तीची असेलच असं नाही, आणि बरेच एडिटर 'लिस्ट', 'सम' अशा राखीव नसलेल्या नावांनाही रंग देतात.

दुसरी खूण माझ्या सर्वांत उपयोगी पडते. त्या नावाच्या शेवटी एक अंडरस्कोर जोडा, सगळीकडे, आणि पुन्हा चालवा. एरर गेली किंवा दुसऱ्याच ओळीवर सरकली, तर रोग सापडला. तशीच राहिली तर नावाला सोडा आणि कंस, स्वल्पविराम बघा.

पक्की खात्री मात्र भाषेलाच विचारून करावी. पायथॉनमध्ये 'कीवर्ड' नावाचं मॉड्यूल आहे. इम्पोर्ट करून त्यातली 'केडब्ल्यूलिस्ट' छापली की तुमच्या आवृत्तीची यादी समोर. सध्याच्या पायथॉन ३ मध्ये ३५ शब्द आहेत, त्यांतले 'ट्रू', 'फॉल्स' आणि 'नन' तेवढे मोठ्या अक्षराने सुरू होतात. मायएसक्यूएल ८.०.१३ पासून इन्फर्मेशन स्कीमामध्ये (डेटाबेसची स्वतःबद्दलची माहिती जिथे असते तिथे) 'कीवर्ड्स' नावाचं टेबल आहे, त्यातल्या 'रिझर्व्हड' कॉलममध्ये १ असेल तो शब्द राखीव. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये यासाठी 'पीजी_गेट_कीवर्ड्स' हे फंक्शन आहे. इंटरनेटवरच्या एखाद्या यादीपेक्षा हे नेहमी बरं, कारण ती यादी कुठल्या आवृत्तीची हे लिहिणाऱ्याने बहुधा सांगितलेलं नसतं.

आणि आवृत्तीवरच सगळं अवलंबून आहे. १९८९ च्या सी मानकात ३२ कीवर्ड होते, १९९९ मध्ये त्यात पाच वाढले. जावात 'ईनम' २००४ च्या पाचव्या आवृत्तीपासून राखीव झाला, आणि ज्यांनी एन्युमरेशनसाठी हेच छोटं नाव वापरलं होतं त्यांचे कार्यक्रम कंपाइल होईनात. पायथॉन ३.७ ने २०१८ मध्ये 'असिंक' आणि 'अवेट' पूर्ण राखीव केले. तेव्हा 'असिंक' हे नाव पॅरामीटर किंवा फाइल म्हणून वापरणाऱ्या लायब्ररींना नावं बदलावी लागली. सेलरी या पायथॉन लायब्ररीसारख्या मोठ्या प्रकल्पालाही एक मॉड्यूल 'असिंक्रोनस' असं करावं लागलं. तुम्ही काहीच चुकीचं केलेलं नसताना एरर आली आणि ती तुमच्या नव्हे तर बसवलेल्या लायब्ररीच्या फाइलमध्ये दिसली, तर ती फाइल हाताने दुरुस्त करू नका. लायब्ररीची नवी आवृत्ती घ्या.

पायथॉन करणाऱ्यांनी हा त्रास नंतर ओळखला असावा असं मला वाटतं. २०२१ च्या ३.१० मध्ये 'मॅच' आणि 'केस' आले तेव्हा ते मऊ कीवर्ड म्हणून आले, म्हणजे ठरावीक जागीच कीवर्ड, इतरत्र साधं नाव. आमच्या एका मुलाचा फुटबॉलचा सगळा कार्यक्रम 'मॅच' या व्हेरिएबलवर उभा आहे, आणि तो आजही चालतो.

घरी चालतं, सर्व्हरवर नाही

वेब शिकणाऱ्यांकडून हे सर्वांत जास्त ऐकतो, आणि कारण समजलं नाही तर माणूस रडकुंडीला येतो. लॅपटॉपवर झॅम्प, म्हणजे घरच्या घरी वेब सर्व्हर चालवायचं पॅकेज, असतो. त्याच्या खिडकीत मायएसक्यूएल लिहिलेलं दिसतं, पण आत असतो मारियाडीबी हा त्याच्यासारखाच डेटाबेस. दोघांची नाळ एक, राखीव शब्दांच्या याद्या मात्र आता वेगळ्या. 'रँक' नावाचा कॉलम मारियाडीबीवर मुकाट चालतो आणि मायएसक्यूएल ८.० वर पडतो. क्रिकेटचा धावफलक करणाऱ्यांनी 'ओव्हर' या कॉलमकडेही लक्ष द्यावं. तो दोन्हीकडे राखीव आहे.

दुसरं कारण पीएचपीमायअ‍ॅडमिन, म्हणजे ब्राउझरमधून डेटाबेस सांभाळायचं साधन. त्यात तुम्ही 'ऑर्डर' नावाचा कॉलम केलात तर टेबल बिनबोभाट तयार होतं, कारण ते प्रत्येक नावाभोवती बॅकटिक (उलटं एकेरी अवतरण) आपणहून घालतं. हा शब्द राखीव आहे असं तिथे सांगितलं जातं, पण आपण तो इशारा वाचत नाही. मग पीएचपीमध्ये हाताने क्वेरी लिहिली, बॅकटिक घातले नाहीत, आणि १०६४. शाळांच्या टेबलांत मी 'डिव्ह' हे तुकडीचं नाव आणि 'लीव्ह' हे रजेचं नाव असंच अडकलेलं पाहिलं आहे. पहिला भागाकाराचा ऑपरेटर, दुसरा लूपमधून बाहेर पडायचा शब्द, दोन्ही राखीव.

पोस्टग्रेसवर 'यूजर' नावाचं टेबल असेल तर त्याहून वाईट. अवतरणं न घालता त्यातलं सगळं मागा: एरर येतच नाही. एक ओळ येते, तीत डेटाबेसला जोडलेल्या वापरकर्त्याचं नाव. कारण तिथे 'यूजर' म्हणजे 'सध्याचा वापरकर्ता'. सदस्यांची यादी एकाच ओळीची का, म्हणून एका मुलाने सगळा डेटा पुन्हा भरला होता.

दुरुस्ती

कोड तुमचाच असेल तर नाव बदला. दुसरा विचार करू नका. पायथॉनमध्ये नाव बदलणं जड जात असेल तर शेवटी एक अंडरस्कोर जोडायचा संकेत आहे, 'क्लास_' असा. ब्युटिफुल सूप या वेबपानं वाचायच्या लायब्ररीत तो दिसेल. जावास्क्रिप्टमध्ये एचटीएमएलच्या 'क्लास'ला 'क्लासनेम' आणि 'फॉर'ला 'एचटीएमएलफॉर' म्हणतात, ते याच कारणाने. सी शार्पमध्ये शब्दाआधी ॲट चिन्ह, कॉटलिनमध्ये शब्दाभोवती बॅकटिक घालून राखीव शब्द वापरता येतो. ही सोय दुसऱ्याने ठरवलेल्या नावाशी जुळवून घ्यायला आहे, आपण नवीन नाव ठेवायला नव्हे.

टेबल आधीच भरलेलं असेल आणि दहा ठिकाणांहून वापरात असेल तर तात्पुरतं वेढा. मायएसक्यूएलमध्ये बॅकटिक, म्हणजे एस्केपच्या खालची कळ. साधं एकेरी अवतरण नव्हे, त्याने कॉलमऐवजी मजकूर मिळतो. एसक्यूएल सर्व्हरमध्ये चौकोनी कंस. पोस्टग्रेसमध्ये दुहेरी अवतरण, पण तिथे जपून: एकदा अवतरणात मोठ्या अक्षराने नाव ठेवलं की पुढे दर वेळी तसंच लिहावं लागतं. मायएसक्यूएलमध्ये टेबलाचं नाव, ठिपका आणि मग कॉलम असं लिहिलं तर ठिपक्यानंतरचा राखीव शब्द बॅकटिकशिवाय चालतो. म्हणूनच जोडणीच्या मोठ्या क्वेरी चालतात आणि साधी एका टेबलाची पडते.

राखीव नसूनही तसंच वाटणारं

पायथॉनमध्ये 'सम' या नावात शून्य घातलं तर तक्रार येत नाही. पुढे गुणांची बेरीज मागितली की 'इंट' ऑब्जेक्टला कॉल करता येत नाही असं येतं. 'सम' राखीव नाही, तयार फंक्शन आहे, आणि तुम्ही ते झाकलंत. नोटबुकमध्ये ओळ दुरुस्त केल्यावरही एरर राहते, कारण जुनी किंमत स्मरणात असते. कर्नल (नोटबुकमागे चालणारा पायथॉन) पुन्हा सुरू करावा.

लहान मुलांत याहून नेहमीचं म्हणजे फाइलचं नाव. कासवाची चित्रं काढायची म्हणून फाइललाच 'टर्टल' नाव दिलं, की पायथॉन स्वतःच्या लायब्ररीऐवजी मुलाचीच फाइल इम्पोर्ट करतो. ३.१३ पासून संदेशातच फाइलचं नाव बदलण्याची सूचना येते. त्याआधीच्या आवृत्तीत 'अर्धवट सुरू झालेलं मॉड्यूल' असं काहीतरी दिसेल. फाइलचं नाव बदला, पुन्हा चालवा.

त्या रात्री मी आधी बॅकटिक घालून निकाल लावला. सव्वाअकरा झाले होते, पण पथकं थांबली होती. चवथ संपल्यावर टेबलाचं नाव 'पथक' आणि कॉलमचं 'क्रमांक' केलं, रोमनमध्ये. आता कुठलाही सर्व्हर बदलणार असं कळलं की आधी जुना बॅकअप नव्या आवृत्तीवर एका रिकाम्या डेटाबेसमध्ये उतरवतो, इन्फर्मेशन स्कीमामधली माझ्या कॉलमांची आणि टेबलांची नावं मोठ्या अक्षरांत करून 'कीवर्ड्स' टेबलातल्या राखीव शब्दांशी जुळवतो. पहिल्यांदा जुळवलं तेव्हा आणखी एक निघाला: आवाजव्यवस्थेच्या नोंदींचा 'सिस्टम' नावाचा कॉलम. त्याचं 'ध्वनी' केलं.